वर चढणारी हवा

हवेत पाण्याची वाफ सदैव असते, ती दिसत नाही इतकेच. मे महिन्यातल्या रखरखीत दुपारी सोलापूरच्या हवेतही ती असते, आणि त्याच दुपारी मुंबईत अंगावरचा घाम वाळू देत नाही तीही हीच वाफ. हवेत किती वाफ मावेल हे हवेच्या तापमानावर ठरते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना १७ ग्रॅम आणि १० अंशांना जेमतेम ९ ग्रॅम. हवा गार होत गेली, की तिच्यात आधीपासून असलेली वाफच एका टप्प्याला तिला डोईजड होते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. त्याखाली तापमान उतरले, तर वाढीव वाफेला पाणी होण्यावाचून गत्यंतर उरत नाही. फ्रिजमधल्या पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला, की त्याला बाहेरून थेंब धरतात. हिवाळ्यात पहाटे गवतावर दव पडते. दोन्हींमागे हेच सांद्रीभवन आहे.

ढगही सांद्रीभवनानेच बनतो, पण आभाळात हवेला टेकायला गार तांब्या नसतो. तिथे हवा निवते ती वर चढल्यामुळे. समुद्रसपाटीवर हवेचा जेवढा दाब असतो, त्याच्या निम्माच साडेपाच किलोमीटर उंचीवर उरतो. वर जाणाऱ्या हवेवरचा भार असा हलका होत जातो, ती फुगते, आणि फुगायला लागणारी ऊर्जा स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक तापते, कारण दाबलेली हवा तापते; फुगणारी हवा त्याच न्यायाने निवते. कोरडी हवा एक किलोमीटर वर गेली, की सुमारे १० अंशांनी गार होते. म्हणून हवामानशास्त्राचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो: हवा वर कोण चढवते? कधी डोंगर चढवतो, कधी तापलेली जमीन, कधी खालून घुसणारी जड थंड हवा, तर कधी समुद्रावरचा कमी दाब. उचलणारा बदलला, की ढग बदलतो, पाऊस बदलतो आणि वादळाची जातही बदलते.

ढगाचा तळ सपाट का दिसतो, याचे उत्तरही इथेच मिळते. जमिनीलगतच्या हवेचे तापमान आणि तिचा दवबिंदू यांच्यात जेवढे अंश अंतर, तेवढे गुणिले १२५ मीटर, इतक्या उंचीवर चढती हवा वाफेने संपृक्त होते आणि तिथून ढग सुरू होतो. एप्रिलमध्ये मराठवाड्यात तापमान ३८ आणि दवबिंदू १४ असेल, तर ढगाचा तळ तीन किलोमीटरवर असतो. जुलैत कोकणात २९ आणि २५ असे आकडे असतात, म्हणजे तळ फक्त ५०० मीटरवर. पावसाळ्यात सह्याद्रीचे कडे ढगात बुडतात त्याचे कारण ढग उतरून खाली येतात हे नसते. ढगाचा तळच तिथे डोंगरमाथ्याच्या बराच खाली असतो.

संपृक्त झाल्यावर हवा पूर्वीइतक्या वेगाने निवत नाही. पाण्याची वाफ करायला जी उष्णता खर्च झाली होती, ती वाफेचे पाणी होताना परत मिळते. हिला सुप्त उष्णता म्हणतात. एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट उष्णता एक किलो वाफेचे पाणी होताना बाहेर पडते. त्यामुळे ढगातली हवा किलोमीटरमागे १० ऐवजी पाच-सहा अंशांनीच थंड होते. हा फरक दिसायला क्षुल्लक आहे. पण पुढे येणारे प्रत्येक वादळ, वळवापासून चक्रीवादळापर्यंत, याच परत मिळालेल्या उष्णतेवर पोसले जाते.

ढगाचा थेंब आणि पावसाचा थेंब

सांद्रीभवनाला आधार लागतो. तांब्याच्या बाबतीत तो तांब्याच्या पृष्ठभागाचा असतो. आभाळात तो धुळीच्या, धुराच्या, समुद्राच्या तुषारांतून उडालेल्या मिठाच्या सूक्ष्म कणांचा असतो. स्कॉटलंडच्या जॉन एटकेनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे प्रयोगाने दाखवून दिले. हवा पूर्णपणे गाळून घेतली, तर दवबिंदूच्या खूप खाली जाऊनही तिच्यात धुके धरत नाही. अशा प्रत्येक कणाभोवती पाणी जमून जो थेंब तयार होतो, त्याचा व्यास सुमारे एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग असतो. तो सेकंदाला एखाद-दुसरा सेंटीमीटर या गतीने खाली येतो, आणि वर चढणारी हवा त्याला सहज पेलते. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच अशा साध्या पांढऱ्या ढगात सुमारे ५०० टन पाणी असते. ते डोक्यावर तरंगते याचे रहस्य थेंबांच्या या बारीकपणात आहे.

पावसाचा मध्यम थेंब दोन मिलिमीटरचा असतो. व्यासात शंभरपट मोठा, म्हणजे आकारमानात दहा लाखपट. दहा लाख मेघबिंदू एकत्र आल्याशिवाय पावसाचा एक थेंब होत नाही, आणि केवळ वाफ जमत राहून तो व्हायचा तर दिवस लागतील. प्रत्यक्षात ढग भरून आल्यावर तासाभरात पाऊस पडतो. हे कोडे विसाव्या शतकात सुटले, आणि त्याची उत्तरे दोन निघाली.

पहिले उत्तर कोकणातल्या पावसाला लागू पडते. ढगातले सगळे थेंब सारखे नसतात. समुद्राच्या मिठावर वाढलेले थेंब थोडे मोठे असतात, ते जरा वेगाने खाली येतात आणि वाटेतल्या लहान थेंबांना आपल्यात ओढून घेतात. मोठा होत जाईल तसा त्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढेल तसा आणखी थेंब गिळण्याचा झपाटाही. पावसाळ्यात महाराष्ट्रावर हवा गोठणबिंदूला पोचते ती पाच किलोमीटरच्या आसपास. घाटावरचे बरेच ढग त्या उंचीच्या आतच आटोपतात. त्यांच्यात बर्फाचा कणही नसतो, आणि तरी ते दिवसदिवस कोसळत राहतात. महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची मेघभौतिकीची प्रयोगशाळा आहे. तिथे ढग यंत्रांपर्यंत आपण होऊन चालत येतो. विमानाने त्याच्या मागे जावे लागत नाही.

दुसरे उत्तर स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ टोर बर्गेरॉनला १९२२च्या हिवाळ्यात नॉर्वेत ऑस्लोजवळच्या टेकडीवर फिरताना सुचले. रस्ता सूचिपर्णी झाडांतून जात होता आणि धुके दाटलेले होते. तापमान शून्याच्या आसपास असले, की धुके रस्त्यापर्यंत पसरायचे. ते शून्याच्या पुष्कळ खाली गेले, की झाडांच्या उंचीवरच थांबायचे आणि फांद्यांवर मात्र हिमाचा थर चढलेला असायचा. बर्गेरॉनने ताडले, की फांद्यांवरचे हिम धुक्यातली वाफ शोषून घेते आहे. पाणी शून्य अंशाला गोठते हे घरगुती अनुभवापुरते खरे आहे. ढगातले सूक्ष्म थेंब उणे १०, उणे २० अंशांनाही द्रवच राहतात. अगदी उणे ३८ अंशांच्या जवळपास गेल्यावर ते बाहेरच्या कोणत्याही मदतीशिवाय गोठतात. अशा अतिशीत थेंबांच्या गर्दीत एखादा हिमकण तयार झाला, तर वाफ थेंबांपेक्षा त्याच्यावर अधिक सहज जमते. थेंब आटत जातात, हिमकण वाढत जातो, जड होऊन खाली येतो आणि उबदार हवेत वितळून पाण्याचा थेंब बनतो. मे महिन्यात लातूरच्या तापलेल्या मातीवर पडणारा वळवाचा टपोरा थेंब काही मिनिटांपूर्वी बर्फ असू शकतो, ही या शास्त्रातली विलक्षण सुंदर गोष्ट आहे.

कृत्रिम पावसाचे प्रयोग याच दोन उत्तरांवर आधारलेले आहेत. उंच, गार ढगात सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडले तर त्यांवर हिमकण धरतात, आणि उबदार ढगात मिठाचे कण सोडले तर मोठे थेंब लवकर होतात. सोलापूर परिसरात २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने अशी निरीक्षणे केली. मात्र ढग असावाच लागतो. निरभ्र आभाळातून पाऊस पाडण्याची विद्या कोणाकडेही नाही, आणि दुष्काळात तशी आशा दाखवणे हा शेतकऱ्यावर अन्याय आहे.

चित्रांत पावसाचा थेंब वर निमुळता काढतात, तसा तो नसतो. लहान थेंब गोल असतात, आणि दोन मिलिमीटरच्या पुढे हवेच्या रेट्याने त्यांचा तळ चपटा होऊन बनपावासारखा आकार येतो. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे थेंब फुटतोच. सर्वांत मोठे थेंब सेकंदाला नऊ मीटर वेगाने आदळतात, आणि उघड्या रानातली माती सुटते ती या माऱ्याने.

आभाळाची अक्षरे

ढगांना आज जगभर वापरली जाणारी नावे डिसेंबर १८०२ मध्ये लंडनच्या ल्यूक हॉवर्डने एका व्याख्यानात मांडली. हॉवर्डचा व्यवसाय औषधे तयार करण्याचा होता, आभाळ हा त्याचा छंद. त्याने लॅटिनमधले चार शब्द घेतले: सिरस म्हणजे केसाची बट, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रेटस म्हणजे थर आणि निंबस म्हणजे पावसाचा ढग. मराठीत त्यांचे तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ आणि वर्षामेघ झाले. या चारांच्या जोडण्यांतून आजचे दहा मुख्य प्रकार बनतात. ते सगळे पाठ करण्याची गरज नाही. ढग रास करून उंच वाढतो आहे की थर होऊन पसरतो आहे, एवढे ओळखता आले तरी पुष्कळ कळते. रास म्हणजे हवा एका जागी जोराने वर उसळते आहे; थर म्हणजे ती मोठ्या प्रदेशावर हळूहळू उचलली जाते आहे.

सहा किलोमीटरच्या वर तंतुमेघ असतात, पिंजलेल्या कापसाच्या धाग्यांसारखे, पूर्णपणे हिमकणांचे. त्यांचाच पातळ पडदा आभाळभर पसरला, की चंद्राला खळे पडते. षट्कोनी हिमकणांतून जाताना प्रकाश सुमारे २२ अंशांनी वळतो, म्हणून खळ्याची त्रिज्या नेहमी तेवढीच भरते: हात लांब करून बोटे फाकवली, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या वितीइतकी. खळे पडले की पाऊस येतो हा समज जगभर आहे आणि त्यात तथ्यही आहे, ते पुढे आघाड्यांच्या ओघात येईल. मधल्या उंचीवर मध्यस्तर आणि मध्यराशी असतात. खाली सकाळचे करडे स्तरमेघ, उघडिपीतले पांढरे राशिमेघ आणि सलग झड लावणारे काळपट वर्षास्तर मेघ. या सगळ्या पातळ्या छेदून उभा राहतो तो गर्जन्मेघ. त्याची कथा वळवाबरोबर सांगावी लागते.

डोंगर चढवतो तेव्हा

पाऊस मोजण्याची रीत साधी आहे. पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, आटले नाही, तर जमिनीवर किती उंचीचे साचेल, ती उंची मिलिमीटरमध्ये सांगतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, किंवा एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी. देशभर सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजले जाते; वर्तमानपत्रातला २४ तासांचा आकडा तोच. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस धरतात. मोजण्याची कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजण्यासाठी ठेवायच्या कुंडाचा उल्लेख आहे आणि प्रदेशवार पावसाची मापेही आहेत. जांगल प्रदेशात १६ द्रोण, अश्मकात साडेतेरा, अवंतीत २३. आणि अपरांतात, म्हणजे कोकणात, अमित. गोदाकाठचा अश्मक हा आजच्या मराठवाड्याला लागून असलेला, काहीसा त्यातलाच मुलूख. कोकणात अमाप आणि अश्मकात सर्वांत कमी, हा फरक त्या काळीही राज्यकारभाराच्या दप्तरात नोंदवण्याइतका ठळक होता.

तो फरक पाडतो सह्याद्री. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणपट्टी ओलांडतात न ओलांडतात, तोच त्यांच्यापुढे हजार-बाराशे मीटरची भिंत उभी राहते. वाऱ्याला वर चढावेच लागते. दवबिंदू आधीच हाताशी असतो, त्यामुळे पाचशे मीटर चढेपर्यंत ढग होतो आणि माथ्यावर पोचेपर्यंत तो रिता होत राहतो. कोकणच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांहून अधिक. माथा ओलांडला, की तोच वारा पठाराकडे उतरू लागतो. उतरणारी हवा दाबली जाते, तापते, तिची वाफ धरण्याची क्षमता वाढते, ढग विरतात. महाबळेश्वरहून पसरणीचा घाट उतरून वाईला येईपर्यंत जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरमध्ये पाऊस कित्येक पटींनी घटतो, आणि आणखी पूर्वेला माण, खटाव, बारामती, सांगोला या भागांत वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. त्याच्या आभाळातून जुलैत ढग धावताना दिसतात, पण बरसत नाहीत. त्या ढगांचे पाणी घाटावर उतरलेले असते.

अर्थात डोंगर रोज तोच असतो आणि पाऊस रोज तेवढा नसतो. गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की वारे जोर धरतात आणि कोकण-घाटावर धो धो पाऊस लागतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र बनून ते ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकते, तेव्हा विदर्भाला आणि पुढे मराठवाड्याला पाऊस मिळतो. विदर्भाचा पाऊस बहुतांशी पूर्वेकडून येतो, ही गोष्ट पश्चिम महाराष्ट्रात बसून पावसाकडे पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

जमीन चढवते तेव्हा: वळीव

एप्रिल-मे महिन्यांत सकाळ स्वच्छ असते. दुपारपर्यंत जमीन तापते, तिला टेकलेली हवा हलकी होऊन बुडबुड्यांसारखी वर सुटते आणि आभाळात पांढरे पुंजके दिसू लागतात. बहुतेक दिवशी गोष्ट एवढ्यावरच संपते. पण समुद्रावरून थोडी ओल आलेली असेल आणि वरच्या थरांतली हवा पुरेशी गार असेल, तर एखादा पुंजका थांबत नाही. त्याच्यातल्या सांद्रीभवनाने सुटलेली उष्णता त्याला आजूबाजूच्या हवेपेक्षा उबदार ठेवते. उबदार म्हणून तो आणखी चढतो. चढला म्हणून आणखी सांद्रीभवन होते. फुलकोबीच्या गड्ड्यासारखा तो फुगत जातो आणि अर्ध्या तासात दहा-बारा किलोमीटरची उंची गाठतो. उष्ण कटिबंधात काही गर्जन्मेघ १५ किलोमीटरच्याही पुढे जातात. त्या उंचीवर हवेचे तापमान उतरायचे थांबते, ढगाला चढायला बळ उरत नाही आणि त्याचा माथा आडवा पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा दिसू लागतो.

अशा ढगाच्या आयुष्याचा आलेख अमेरिकेत होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहॅम यांनी १९४६ आणि १९४७ मध्ये फ्लोरिडा व ओहायोत थेट वादळांमध्ये विमाने धाडून काढला. पहिल्या अवस्थेत ढगभर फक्त वर जाणारा प्रवाह असतो. दुसऱ्या अवस्थेत थेंब आणि हिमकण इतके जड होतात, की ते कोसळताना आपल्याबरोबर हवाही खाली ओढतात. त्यातले काही पाणी वाटेत वाफ होऊन ती हवा आणखी गार करते. ही गार, जड हवा जमिनीवर आपटून चारी दिशांना पसरते. पावसाच्या आधी धुळीचे लोट उठवत येणारा, झाडे वाकवणारा वारा तो हाच, आणि लांबवर पडलेल्या सरीचा मातीचा वास पुढे घेऊन येणाराही हाच. तिसऱ्या अवस्थेत गार हवा ढगाच्या बुडाशी पसरून वर जाणाऱ्या उबदार हवेचा पुरवठा तोडते. वळीव आपल्याच पावसाने विझतो. म्हणून तो तासाभरात संपतो आणि शेजारच्या गावाला कोरडे ठेवतो.

ढगाच्या मधल्या भागात, उणे १० ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात, मऊ गारा आणि हलके हिमकण एकमेकांवर आपटतात. या टकरींत हिमकण धन प्रभार घेऊन वर जातात आणि गारा ऋण प्रभारासह खाली राहतात. प्रभारांमधला ताण हवेला असह्य झाला, की वीज चमकते. तिच्या वाटेतली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंशांपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, तापते आणि स्फोटासारखी फुगते, तोच गडगडाट. चमक दिसल्यापासून आवाजापर्यंत जेवढे सेकंद जातील, त्यांना तीनने भागले, की विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. गडगडाट ऐकू आला, याचा अर्थ वीज पोचू शकेल इतके वादळ जवळ आहे. भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात आणि त्यांत रानात काम करणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. पाऊस आला म्हणून एकट्या झाडाखाली उभे राहणे हे त्यांतल्या कित्येक मृत्यूंचे कारण असते. पक्के घर किंवा टपाची बंद मोटार सुरक्षित. तेही जवळ नसेल तर झाडापासून दूर, सखल जागी, पाय जुळवून उकिडवे बसावे, पण आडवे पडू नये. उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल अॅप जवळपासच्या विजांचा इशारा देते.

गर्जन्मेघ एकटा असतो तोवर तासाभरात ओसरतो. पण समुद्रावरून ओलसर हवेचा पुरवठा अखंड चालू राहिला आणि एकामागून एक ढग त्याच जागी उभे राहत गेले, तर काय होते हे २६ जुलै २००५ला मुंबईने पाहिले. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात ७३. पंचवीस-तीस किलोमीटरमधला हा फरक मोसमी पावसातही उसळत्या ढगांचा हात किती मोठा असतो ते दाखवतो. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने लहानशा क्षेत्रावर पाऊस झाला, तर हवामानशास्त्रात त्याला ढगफुटी म्हणतात. प्रत्येक मोठ्या सरीला तो शब्द लावणे बरोबर नाही.

थंड हवा चढवते तेव्हा

मध्य अक्षांशांत, विशेषतः युरोप आणि उत्तर अमेरिकेत, हवामान घडवणारा मुख्य घटक वेगळाच असतो. तिथे ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उबदार हवा अशा दोन वायुराशी समोरासमोर येतात. त्या सहज मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये तिरकी सीमा तयार होते. ही सीमा नॉर्वेतल्या बर्गेन शहरात ओळखली गेली. पहिल्या महायुद्धात हवामानाच्या परदेशी नोंदी मिळेनाशा झाल्या, आणि मासेमारीला व शेतीला तर अंदाज हवेच होते. हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस १९१७ मध्ये बर्गेनला आला, त्याने देशात निरीक्षणकेंद्रांचे दाट जाळे विणले, आणि त्या दाट नोंदींमध्ये त्याचा मुलगा याकोब याला वादळांच्या पोटातल्या या रेषा दिसल्या. १९१९ मध्ये त्याने त्या जगापुढे मांडल्या. दोन वायुराशींच्या या झुंजीच्या रेषेला ब्यर्कनेसच्या गटाने युद्धभूमीवरचाच शब्द दिला: आघाडी.

उबदार हवा थंड हवेवर चढत पुढे सरकते ती उष्ण आघाडी. हिचा उतार इतका मंद असतो, की एक किलोमीटर चढायला शंभर ते तीनशे किलोमीटरचे अंतर लागते. म्हणून तिची चाहूल फार आधी लागते. प्रथम तंतुमेघ दिसतात, मग खळे पडते, मग सूर्य मध्यस्तरामागे दुधी काचेतून पाहावा तसा पुसट होतो, आणि अखेर वर्षास्तर मेघांतून संथ, लांबणारा पाऊस किंवा हिमवृष्टी सुरू होते. खळ्यावरून पावसाचा अंदाज बांधण्याची लोकरीत या क्रमावर उभी आहे. शीत आघाडी उलट वागते. थंड हवा पाचरीसारखी उबदार हवेखाली घुसते, ती हवा झपाट्याने वर फेकली जाते, गर्जन्मेघांची रांग उभी राहते, सोसाट्याचा वारा सुटतो आणि काही तासांत तापमान दहा-दहा अंशांनी उतरते. शीत आघाडी अधिक वेगवान असल्याने शेवटी उष्ण आघाडीला गाठते. मधली उबदार हवा जमिनीपासून पूर्ण उचलली जाते आणि त्या वादळाची ऊर्जा संपते.

महाराष्ट्राच्या आभाळात अशा रेखीव आघाड्या क्वचितच असतात, कारण उष्ण कटिबंधात शेजारच्या हवांच्या तापमानात तेवढी तफावत नसते. तरीही त्यांचा हात इथवर पोचतो. मध्य अक्षांशांतली अशी वादळे, म्हणजे पश्चिमी झंझावात, भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तानमार्गे हिवाळ्यात उत्तर भारतात येतात. काश्मीर-हिमाचलचे हिम आणि पंजाबातल्या गव्हाला मिळणारा हिवाळी पाऊस त्यांच्यामुळे असतो. एक झंझावात पुढे निघून गेला, की त्याच्या मागून उत्तरेची कोरडी, गार हवा दक्षिणेकडे वाहते, आणि नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा उतरलेला पारा बातमीत येतो.

हिवाळा सरताना हीच गार हवा घातक ठरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये खाली जमीन तापू लागलेली असते, समुद्राकडून ओल येते आणि वरून झंझावाताची थंड हवा सरकते. गोठणपातळी जुलैपेक्षा खाली असते आणि ढगातला प्रवाह सेकंदाला वीस मीटर किंवा त्याहून वेगाने वर धावतो. अशा ढगात हिमाची गोळी अतिशीत थेंब अंगावर घेत वाढत जाते. वाढीच्या परिस्थितीप्रमाणे कधी पारदर्शक, कधी दुधी थर चढत जातो. गार मधोमध कापली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात ते हेच. प्रवाहाला पेलवेनाशी झाली, की ती पडते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात दिवसेंदिवस अशी गारपीट झाली. काढणीला आलेला गहू, हरभरा आणि द्राक्ष-डाळिंबाच्या बागा झोडपल्या गेल्या. वर्षाची मेहनत काही मिनिटांत जमीनदोस्त करणारी ही आपत्ती अजूनही गावाच्या पातळीवर एक-दोन दिवस आधी नेमकी सांगता येत नाही. जिल्ह्याच्या पातळीवरचा इशारा मात्र देता येतो.

समुद्र चढवतो तेव्हा

चक्रीवादळाला इंग्रजीत सायक्लोन हे नाव कोलकात्यात मिळाले. तिथे काम करणाऱ्या हेन्री पिडिंग्टनने बंगालच्या उपसागरातल्या वादळांत सापडलेल्या जहाजांच्या नोंदी जुळवल्या, वारा सापाच्या वेटोळ्यासारखा फिरतो हे पाहिले आणि १८४८ मध्ये ग्रीक शब्दावरून हे नाव घडवले.

चक्रीवादळाला आघाडी लागत नाही. त्याचे इंधन समुद्राची वाफ असते. पाण्याचे तापमान निदान २६.५ अंश, तेही काही दशक मीटर खोलीपर्यंत. वर आणि खाली वाऱ्याच्या वेगात फार तफावत नसणे. आणि आधीपासून फिरकी धरू पाहणारे एखादे कमी दाबाचे क्षेत्र, एवढी सामग्री जमावी लागते. पृथ्वीच्या परिवलनाने वारा वळावा लागतो, म्हणून विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाच अंशांच्या आत चक्रीवादळे सहसा बनत नाहीत. चोहोबाजूंनी आत येणारी हवा वळत वळत मध्याभोवती वर चढते, तिच्यातल्या वाफेची सुप्त उष्णता वरची हवा तापवते, मध्यातला दाब आणखी उतरतो आणि वारे आणखी जोराने आत येतात. उत्तर गोलार्धात हे चक्र घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरते. प्रबळ वादळाच्या मधोमध हवा खाली उतरत असते, त्यामुळे तिथे निवांत, कधी निरभ्रही असा डोळा तयार होतो. डोळ्याभोवतीची गर्जन्मेघांची भिंत सर्वांत विध्वंसक असते. डोळा माथ्यावर आला, की वादळ ओसरले असे वाटते. अर्ध्या-पाऊण तासाने उलट दिशेचे वारे तितक्याच जोराने येतात.

वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर ओलांडला, की भारतीय हवामान विभाग त्याला चक्रीवादळ म्हणतो आणि नाव देतो. ८९ ला ते तीव्र, ११८ ला अतितीव्र होते आणि २२२ च्या पुढे महाचक्रीवादळ. २९ ऑक्टोबर १९९९ला ओडिशात पारादीपजवळ आलेले वादळ या शेवटच्या वर्गातले. त्याच्या वाऱ्याने समुद्र फुगून कित्येक किलोमीटर आत शिरला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. १२ ऑक्टोबर २०१३ला त्याच किनाऱ्यावर गोपालपूरजवळ 'फायलिन' आले. त्या वेळी अंदाज चार दिवस आधी हातात होते, लाखो लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हवामानशास्त्राने माणसासाठी काय केले, हे दाखवायला याहून मोठा पुरावा नको.

बंगालच्या उपसागराच्या तुलनेत अरबी समुद्रात चक्रीवादळे बरीच कमी, आणि त्यांतली बहुतेक ओमानकडे किंवा गुजरातकडे वळतात. कोकण किनाऱ्यावर थेट येणारे विरळच. नोव्हेंबर २००९ मधले 'फयान' तसे होते. ३ जून २०२०ला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला 'निसर्ग' किनाऱ्यावर चढले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. उभी राहायला दहा-पंधरा वर्षे घेणारी ती झाडे होती.

जमिनीवर आल्यानंतर मात्र 'निसर्ग'चे बळ झपाट्याने उतरले. खाली समुद्र राहिला नाही, वाफेचा पुरवठा तुटला. डोंगर आणि झाडांच्या घर्षणाने वारे मंदावले आणि मध्यातला दाब भरून येऊ लागला. संध्याकाळपर्यंत पुणे जिल्ह्यावरून पुढे सरकत, रात्री नाशिककडे जाताना त्याचे चक्रीवादळपण संपले. दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशाच्या वाटेवर उरले होते ते फक्त एक कमी दाबाचे क्षेत्र, थरांच्या ढगांतून रिपरिप पाऊस देत जाणारे.